अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण कुणी उच्चारली की चारचौघे हसल्याशिवाय राहत नाहीत. हसणाऱ्यांत मीही असतो. पण मास्तरकीच्या धंद्यात एक खोड जडते. म्हण समोर आली की तिचा अर्थ सांगायचा आणि वाक्यात उपयोग करून दाखवायचा. या म्हणीपाशी मात्र आम्ही मास्तर मंडळी जरा अडखळतो. 'दोन्ही बाजूंनी अडचण होणे' असा गुळमुळीत अर्थ फळ्यावर लिहितो आणि घाईघाईने पुढच्या म्हणीकडे वळतो. मागच्या बाकावरची दोन मुले गालांत हसतात, आपण ते पाहिलेच नाही असे आम्ही दाखवतो, आणि तास पुढे सरकतो.

पण या म्हणीत एक गोष्ट आहे, ती हसण्याच्या भरात निसटून जाते. त्या बिचाऱ्या सासूला किंवा सासऱ्याला वैद्य मिळत नाही असे नाही. वैद्य घरातच आहे, जावई म्हणून फी घेणार नाही, औषधही उत्तम देईल. साधनांची वाण कुठेच नाही. तरीही दुखणे जागच्या जागी राहते. का? तर ते सांगायचे कसे, हे कुणाला माहीत नाही म्हणून. गावात दवाखाना नसल्यामुळे माणूस सोसतो हे मला समजते. पण दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना जो सोसतो, त्याच्या सोसण्याला आपण काय म्हणावे? सद्गुण म्हणावे, की नुसतीच सवय?

ज्याबद्दल बोलायचे ते स्पष्टच बोलतो. कपड्याआड राहणाऱ्या भागावर, जांघेत किंवा गुप्त जागी, एखाद्या दिवशी स्नान करताना बोटाला काही लागते. मोहरीच्या दाण्याएवढी पुळी, रांगेने आलेले पांढुरके कण, किंवा एखादी लहानशी गाठ. काल होती का? आठवत नाही. हेच हातावर आले असते तर माणूस बाहेर येऊन म्हणाला असता, "हे काय उठलंय बघ गं." बायकोने चष्मा लावून पाहिले असते, आईने हळद लावली असती, शेजारच्या काकांनी स्वतःच्या पुतण्याचा दाखला दिला असता, आणि दोन दिवसांत सगळे विसरले असते. पण जागा ती नव्हे. म्हणून माणूस न्हाणीघरातून गप्प बाहेर येतो, जेवतो, कामाला जातो, आणि त्या क्षणापासून त्याच्या डोक्यात एक भुंगा सुरू होतो. मन चिंती ते वैरी न चिंती, या म्हणीचा पुरता अनुभव त्याला पुढचे काही महिने येतो.

माझ्या ओळखीच्या एका मुलाचे असेच झाले. नववीतला मुलगा, खेळात पटाईत. पावसाळ्यानंतर तो मैदानावर यायचा बंद झाला. नदीवर पोहायला जायचा, तेही थांबले. वर्गात खिडकीबाहेर बघत बसे. त्याच्या वडिलांना वाटले, परीक्षेची धास्ती. आईला वाटले, दृष्ट लागली. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो मागे रेंगाळला आणि मान खाली घालून मला म्हणाला, "सर, एखाद्याला वाईट रोग झाला तर तो किती दिवस जगतो?" 'वाईट रोग' या दोन शब्दांत सारे आले. मी त्याला काही विचारले नाही. तालुक्याच्या गावी माझ्या परिचयाचे एक वयस्क डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे त्याला आणि त्याच्या वडिलांना पाठवले. डॉक्टरांनी वडिलांना दाराबाहेर बसवले, मुलाला तपासले, आणि पाच मिनिटांत सांगितले की ते कण म्हणजे कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी आहेत. वयात येताना दिसू लागतात. औषध नाही, कारण रोगच नाही.

पुढे मी या विषयावर थोडे वाचले. या कणांना फॉर्डाइस नावाच्या अमेरिकन त्वचातज्ज्ञाचे नाव आहे. त्याने 1896 साली त्यांचे वर्णन केले. ते पुष्कळ प्रौढ माणसांना असतात आणि गंमत अशी की ते ओठांवरही येतात. ओठांवर आले तर कुणाची झोप उडत नाही. तीच ग्रंथी, तेच तेल. केवळ चार वस्त्रांच्या आड गेली म्हणून तिने एका चौदा वर्षांच्या पोराला तीन महिने मरणाचा हिशेब करायला लावले. हा हिशेब त्याला रोगाने शिकवला नव्हता. आपण मोठ्यांनी त्या जागेभोवती जे मौन उभे केले आहे, त्याने शिकवला होता.

येथे कुणी म्हणेल की प्रत्येक पुळी काही निरुपद्रवी नसते. खरे आहे. मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे. रोगनिदान हा माझा प्रांत नाही. पण जाणत्यांनी लिहिलेले वाचून जे समजले ते सांगतो. केस काढताना मुळाशी इजा होऊन फोड येतो, त्याला आपल्या आजीबाई केसतोड म्हणत; तो शेकाने बरेचदा बसतो, चिघळला तर डॉक्टर लागतो. मधोमध बारीक खळी असलेले मोत्यासारखे दाणे एका विषाणूमुळे येतात. ते शाळकरी मुलांना एकमेकांच्या टॉवेलमधूनही होतात. खरूज तर सर्वांच्या परिचयाची. रात्री खाज वाढते, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय ती घर सोडत नाही. एकट्याने गुपचूप औषध लावणारा महिनोन् महिने खाजवत राहतो, कारण तो ज्यांच्यापासून लपवतो त्यांच्याच अंथरुणातून ती परत येते.

मग येतात ते संसर्गाने होणारे रोग, ज्यांच्या भीतीने माणूस गप्प बसतो. एका विषाणूमुळे तिथे चामखिळी येतात. पुंजक्याने येणारे पाण्याचे दुखरे फोड दुसऱ्या एका विषाणूचे असतात. गरमी म्हणून जुन्या लोकांना ठाऊक असलेला रोग तर मोठा लबाड आहे. त्याची पहिली खूण म्हणजे एक न दुखणारा व्रण, आणि तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस देवाला हात जोडतो, सुटलो म्हणतो, आणि रोग आतल्या आत पुढे चालू लागतो. एके काळी या रोगाने माणसे वेडी होत, आंधळी होत. 1910 साली एर्लिख यांचे औषध आले आणि 1943 पासून पेनिसिलिन वापरात आले. तेव्हापासून वेळेवर आलेल्या रोग्याला तो पुरता बरा होतो. थोडक्यात, ज्याने माणूस घाबरतो ते पुष्कळदा काहीच नसते, आणि ज्याने घाबरायला हवे ते कधी कधी दुखतही नाही. घरच्या घरी डोळ्यांनी हा निवाडा होणे नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, वाढणारी गाठ, रक्त येणारी किंवा रंग बदलणारी जागा, ही तर दाखवलीच पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लाज हा सद्गुण आहे की नाही? आपल्या घरांतून मुलांना, विशेषतः मुलींना, लाज हा दागिना म्हणून दिला जातो. तो टाकून द्या असे म्हणणारा मी नव्हे. शरीराचा काही भाग आपला स्वतःचा असतो, त्यावर दुसऱ्याच्या नजरेचा हक्क नसतो, ही जाणीव फार मोलाची आहे. ती नसती तर माणसाला स्वतःचे असे काही उरलेच नसते. पण आपल्या भाषेने लाजेचे दोन भाग फार पूर्वीच करून ठेवले आहेत. 'जनाची नाही तर मनाची तरी' असे आपण म्हणतो. जनाची लाज म्हणजे लोक काय म्हणतील ही भीती. मनाची लाज म्हणजे आपल्या हातून काही अनुचित घडले तर आत होणारी टोचणी. पहिली बाहेरून येते, दुसरी आतून. आणि म्हणीचा कल पाहा: दुसरी असली तर पहिलीवाचून चालेल, असाच तिचा अर्थ आहे.

या कसोटीवर अवघड जागेचे दुखणे घासून पाहावे. त्या पुळीबद्दल मनाची लाज वाटण्याजोगे काय आहे? कातडी ही पायापासून डोक्यापर्यंत एकच आहे. तिला घाम येतो, तिचे केस मुळाशी तुटतात, तिच्या ग्रंथी तुंबतात. हे सारे घडताना ती तुमचे चारित्र्य विचारत नाही. मग उरते ती जनाची लाज. रोग हा पापाचा दाखला आहे, आणि अमुक जागी झालेला रोग तर पापाची सहीच, हा समज त्या लाजेच्या मुळाशी आहे.

हा समज किती अन्यायाचा आहे, हे मला आमच्या गावच्या एका काकूंकडे पाहून कळले. विधवा बाई. पहाटे उठून तुळशीला पाणी घालणे, चातुर्मासात एकवेळ जेवणे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साठी उलटल्यावर त्यांना अशाच जागी मुगाएवढी गाठ लागली. त्यांनी ती दीड वर्ष कुणाला सांगितली नाही. बसायला त्रास होऊ लागला तेव्हा 'सांधे धरलेत' म्हणाल्या. पातळावर रक्ताचे डाग सुनेने पाहिले तेव्हा कुठे दवाखाना झाला. तपासणीत कर्करोग निघाला आणि तो जांघेतल्या गाठींत उतरला होता. शस्त्रक्रिया झाली, पण अकरा महिन्यांत काकू गेल्या. भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "अरे, दुखत नव्हतं रे. आणि सांगायचं कुणाला? मुलाला कसं सांगू? सुनेला सांगावं तर ती म्हणेल, या वयात म्हातारीला हे काय झालं." त्यांचा शब्द न् शब्द मला आठवतो. साऱ्या आयुष्यात जिने एक पाऊल वाकडे टाकले नाही, तिला शेवटी भीती वाटली ती आपल्या चारित्र्याच्या संशयाची. आणि त्या संशयाची नुसती शक्यता टाळण्यासाठी तिने प्राण दिले. याला दागिना म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

समजा, रोग खरोखरच संसर्गाचा निघाला. समजा, माणसाकडून चूकही झाली असेल. तरी काय? डॉक्टर हा न्यायाधीश नव्हे. चोराच्या पायाला लागलेली गोळी काढताना कुणी सर्जन आधी चोरीचा निकाल मागत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला बजावले आहे की रोग्याच्या घरातल्या गोष्टी वैद्याने बाहेर बोलू नयेत. आपल्या देशातल्या डॉक्टरांसाठी 2002 साली केलेल्या आचारनियमांतही रोग्याचे गुपित राखण्याचे बंधन आहे. म्हणजे सांगण्याची वाट समाजाने पूर्वीपासून मोकळी ठेवली आहे. ज्याच्या कानाला कुलूप असावे असा एक माणूस मुद्दाम नेमून दिला आहे. आपणच त्याच्यापर्यंत जात नाही.

आणि येथे एक नाजूक पण महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. गुप्त राखणे जिथे स्वतःपुरते असते तिथे तो माणसाचा हक्क आहे. पण रोग संसर्गाचा असेल आणि घरात जोडीदार असेल, तर मौन हे स्वतःपुरते राहत नाही. त्याची किंमत दुसरा मोजतो, आणि त्याला कळतही नाही की आपण काय मोजत आहोत. अशा वेळी न सांगणे हा संकोच नसून अन्याय आहे. मनाची लाज वाटायला हवी ती येथे. पण ऐकणाऱ्यावरही तेवढीच जबाबदारी आहे. चामखिळीचा विषाणू शरीरात महिने, कधी वर्षेही निपचित पडून राहू शकतो. म्हणून आज दिसलेली खूण कालच्या वागणुकीचा पुरावा होत नाही. एका पुळीवरून संसाराची उलटतपासणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आधी विचारावे डॉक्टरला, मग एकमेकांना. आणि एकमेकांना विचारताना वकिलाच्या आवाजात विचारू नये.

मौनाचा फायदा कुणाला होतो, हेही पाहावे. रोग्याला तर नाहीच. रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' या अक्षरांखाली ज्यांची दुकाने चालतात, त्यांना होतो. आपण गुप्तधन म्हणतो, गुप्तदान म्हणतो. धन लपवले तर टिकते, दान लपवले तर त्याचे पुण्य वाढते असे मानतात. रोग मात्र लपवला की त्याला व्याज चढते, आणि ते व्याज वसूल करायला हे भिंतीवरचे सावकार बसलेले असतात. दुसरा मार्ग औषधाच्या दुकानाचा. "मित्रासाठी हवंय" असे सांगून माणूस एखादी ट्यूब आणतो. तिच्यात स्टेरॉइड असले तर चार दिवस खाज थांबते, आणि नंतर नायटा असा पसरतो की खऱ्या डॉक्टरलाही ओळखू येईना. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून अशी मलमे विकली जाऊ नयेत म्हणून 2018 साली केंद्र सरकारला नियम कडक करावे लागले. यात नवे काही नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'शूकदोष' नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. पौरुष वाढावे म्हणून त्या काळचे काही पुरुष जलजंतूंचे लेप गुपचूप लावत, आणि त्यामुळे उठणाऱ्या पुळ्या-गाठींचे 18 प्रकार तिथे वर्णिले आहेत. त्यातल्या एकीचे नावच सर्षपिका, म्हणजे मोहरीसारखी. रोगापेक्षा गुपचूप केलेला इलाज महाग पडतो, हे आपल्या पूर्वजांनी लिहून ठेवले होते. आणि लिहिताना ते लाजले नव्हते.

लाज आणि उपचार यांचे हाडवैर असते असे मात्र नाही. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरकडे एक तरुण स्त्री हृदयाच्या दुखण्यासाठी आली. छातीला कान लावून ऐकण्याची तेव्हा रीत होती; लेनेकला संकोच वाटला. त्याने कागदाची गुंडाळी केली, तिचे एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि काय आश्चर्य, ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. डॉक्टरांच्या गळ्यात आज दिसणारा स्टेथॉस्कोप हे त्या संकोचाचे अपत्य आहे. आपल्याकडे आनंदीबाई जोशी यांनी 1883 साली सेरामपूरच्या सभेत आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले. या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे मोकळ्या होत नाहीत, म्हणून इथे स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांचे एक मुख्य कारण होते. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसता, गेल्या. बायकांनो, लाज सोडा, असे त्यांनी म्हटले नाही. ज्यांना लाज वाटते त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट त्यांनी शोधली. लाजेचा मान ठेवूनही रोग उघड करता येतो, हेच या दोघांनी दाखवले.

उलट बाजूचा अनुभव रघुनाथ धोंडो कर्वे यांचा. 1927 पासून 1953 पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. घरात, दारात, दवाखान्यात ज्यांना विचारता येत नव्हते अशी माणसे त्यांना पत्रे लिहीत. त्या पत्रांना छापून उत्तरे दिली म्हणून 1934 साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. कर्व्यांची सगळी मते सर्वांना पटावीत असे नाही. पण त्या पत्रांचा ढीग डोळ्यांपुढे आणावा. प्रश्न इतक्या जणांच्या मनात होते आणि प्रत्येकाला वाटत होते की हा प्रश्न जगात आपल्या एकट्यालाच पडला आहे.

आजची परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. सरकारी रुग्णालयांतून 'सुरक्षा क्लिनिक' चालतात, तिथे असल्या तक्रारी ऐकून घेतात. स्त्री डॉक्टर शहरांत तरी सहज मिळतात. तपासताना आपल्या माणसाला जवळ बसवा किंवा बाहेर बसवा, असे रोग्याला सांगता येते. 'मला सांगायला संकोच वाटतो आहे' या एका वाक्याने सुरुवात केली तरी चालते. ते वाक्य ऐकायची डॉक्टरांना सवय असते.

पण दवाखान्याचे दार पुढचे; पहिले दार घरातच आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण मुलांना पाटावर बसवतो, तेल चोळतो, उटणे लावतो. ज्या हातांनी ते अंग लहानपणापासून जाणले, त्या हातांना त्यावरचा तीळ न् तीळ ठाऊक असतो. काही बारीकसे उठले तरी आईच्या बोटांना आधी कळते. मग एका वर्षी मुलगा म्हणतो, "मी माझं मी लावीन," मुलगी आतून कडी लावते. हे योग्यच आहे. तसे व्हायलाच हवे. मात्र त्या वर्षापासून त्या शरीराची पाहणी करणारे दुसरे कुणी उरत नाही, आणि त्याची भाषाही आपण मुलाला दिलेली नसते. म्हणून ज्या दिवाळीत कडी लागेल, त्या दिवाळीत तेलाची वाटी त्याच्या हाती देताना मोठ्यांनी एक वाक्यही द्यावे: "अंगाला कुठंही काही वेगळं वाटलं, तर मला सांग. मला सांगवलं नाही तर आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी बाहेर बसेन." आणि 'कुठंही' या शब्दावर किंचित थांबावे. मुले हुशार असतात. त्यांना तो शब्द बरोबर कळतो.